एकाच नंबरच्या दोघी

"डावीला ताप आहे. उजवी बरी आहे."

एवढं सांगून संध्याकाळच्या ड्यूटीची सिस्टर पर्स उचलून निघालीसुद्धा. खाटेवर पोटाला पोट जोडून जन्मलेल्या दोन मुली होत्या. मी सिस्टरला दारातून परत बोलावलं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहून बोलली होती आणि मी उशाकडे उभी होते. "डावी म्हणजे तुझी डावी की माझी?" ती थबकली. मग आम्ही दोघींनी खाटेभोवती एक फेरी मारली, वाद घातला, आणि शेवटी कपाळांना हात लावून पाहिलं तेव्हा कळलं, की ताप आलेली मुलगी माझ्या उजव्या हाताला होती.

आम्ही हसलो. पण ती गेल्यावर मला घाम फुटला. मी न विचारता औषधाची सिरिंज भरली असती तर?

वीसेक वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. मुली आता मोठ्या झाल्या असतील, आपली ओळख सांगायची की नाही हे त्यांनी ठरवावं. कुटुंब नाशिककडचं. आई जेमतेम वीस वर्षांची, बाप कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, आणि सोबत बापाची आई. ही म्हातारी पहिल्या दिवसापासून वॉर्डाच्या दाराशी ठाण मांडून बसली ती शेवटपर्यंत.

मुली छातीच्या खालच्या टोकापासून बेंबीपर्यंत जोडलेल्या होत्या. तोंडं समोरासमोर. हृदयं दोन, वेगवेगळी. यकृत मात्र एकमेकांत मिसळलेलं. आणि बेंबी दोघींत मिळून एक. आपल्याकडे म्हणतात ना, बेंबीच्या देठापासून ओरडणं. तर या दोघी एकाच बेंबीच्या देठापासून रडायच्या. एक सुरू झाली की दुसरीचं पोट ओढलं जायचं, मग तीही सूर लावायची.

पेपरवाले अशा मुलांना 'सयामी जुळी' म्हणतात. तो शब्द चँग आणि एंग या भावांमुळे आला. १८११ साली सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये जन्मले, पुढे अमेरिकेत जाऊन शेती केली, दोघांनी लग्नं केली, दोघांची मिळून एकवीस मुलं झाली. १८७४ साली चँग गेला आणि काही तासांत एंग गेला. त्यांचाही जोड छातीच्या खालीच होता आणि यकृतं जोडलेली होती, हे शवविच्छेदनात दिसलं. आमच्या मुलींची केस साधारण त्याच जातीची. आमचे सर्जन म्हणायचे, यातली त्यातल्या त्यात सोपी. 'त्यातल्या त्यात' हे शब्द ते जरा जोर देऊन उच्चारत.

का होतं असं, हे आईला कुणी नीट सांगितलं नव्हतं. एका दुपारी दूध काढून देताना तिनं हळूच विचारलं, "सिस्टर, मी जुळं केळं खाल्लं होतं. चौथ्या महिन्यात. सासूबाई नको म्हणत होत्या." मी माझ्या आजीकडूनही हेच ऐकलेलं, वरूडला आमच्या घरी जुळं केळं पोरींच्या हाती लागू देत नसत. मी तिला सांगितलं, बाई गं, चौथ्या महिन्यात काय खाल्लंस त्याचा काही संबंध नाही. एकच गर्भ असतो, त्याचे दोन होतात. ते पहिल्या काही दिवसांत झालं तर साधी जुळी. तेराव्या दिवसानंतर फाटा फुटायला लागला, तर तो पुरा फुटत नाही. तेव्हा तुला दिवस गेलेत हे तुझं तुलाही माहीत नव्हतं. ती ऐकत राहिली. पटलं की नाही कोण जाणे. पन्नास हजार ते दोन लाख जन्मांत एखादी अशी जोडी, आणि त्यातली कितीतरी जन्मतःच मेलेली असतात, हे आकडे मी तिला सांगितले नाहीत. वीस वर्षांच्या पोरीला त्यांचा काय उपयोग?

म्हातारीचे प्रश्न वेगळ्या जातीचे असत. मुली आमच्याकडे आल्या त्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी. पाचवीच्या संध्याकाळी तिनं मला दारात गाठलं. "सिस्टरबाई, आज सटवाई येणार. नशीब लिहायला कोरा कागद ठेवायचा असतो. एक ठेवू का दोन?"

मी तेव्हा पंचविशीची, बीपीच्या पट्ट्या आणि पंपांचे आकडे यात बुडालेली. म्हटलं, आजी, वॉर्डात कागद-बिगद काही ठेवायचं नाही. ती म्हणाली, "इथं नाही ओ, धर्मशाळेत ठेवते. किती ते सांगा." मी म्हटलं, ठेवा तुम्हाला वाटेल तेवढे. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून सांगितलं, "दोन ठेवले. पेनंही दोन."

आमच्या रुग्णालयानं मात्र एकच ठेवला होता. रात्री अपरात्री अॅम्ब्युलन्स आली, नोंदणी खिडकीवरच्या माणसानं एक पेशंट बघितला, एक केसपेपर काढला, एक नंबर दिला. त्यावर लिहिलं होतं: 'अमुक हिचं बाळ (जुळं)'. वॉर्डात आल्यावर आम्ही त्याच नंबराखाली 'बेबी ए' आणि 'बेबी बी' केलं. आणि मग डावी-उजवी, जे किती बिनकामाचं होतं ते सांगितलंच.

म्हातारीला थोरली-धाकटीही ठरवायची होती. सिझेरियन झालेलं, पोट उघडून दोघींना एकदमच काढलेलं, जन्मदाखल्यांवर वेळही एकच. "मग ताई कुणी कुणाला म्हणायचं?" हा प्रश्न तिनं मेट्रनपासून लिफ्टमनपर्यंत सगळ्यांना विचारला.

*

शस्त्रक्रिया आठव्या महिन्यात करायची ठरली होती. बाळांना धुगधुगी यावी, अंग धरावं, म्हणून थांबायचं. घाईघाईत, जीव धोक्यात आल्यावर केलेल्या ऑपरेशनात हाती काही लागण्याची आशा फार कमी; ठरवून, तयारी करून केलेल्यात ती कितीतरी जास्त. तर हे थांबणं म्हणजे डॉक्टरांच्या लेखी थांबणं. आमच्या लेखी ते आठ महिने म्हणजेच काम.

समोरासमोर जोडलेल्या बाळांना पालथं घालता येत नाही, उताणं धड निजवता येत नाही. कायम कुशीवर. म्हणजे एकीचा कान, खांदा आणि खुबा कायम गादीवर, आणि दुसरीचं वजन तिच्यावर. दर दोन तासांनी कूस बदलायची. एकटीनं जमायचं नाही. मी दोन डोकी आणि माना धरायची, वॉर्डातल्या आयामावशीनं ढुंगणं धरायची, एक-दोन-तीन, आणि मधल्या जोडावर ताण येऊ न देता दोघींना एका लयीत पलटवायचं. दुपट्यांच्या गुंडाळ्या पाठींना टेकवायच्या. दोन पोटांच्या मधल्या घळीत घाम साचून पुरळ उठायचं. कोमट पाण्यात कापूस बुडवून तो कोपरा टिपायचा, मग कोरड्या कापसानं पुन्हा टिपायचा, पावडर अजिबात नाही. हे एवढं एक काम दिवसातून सहादा. पेपरात याची बातमी कधी येत नाही, आणि येऊही नये म्हणा, वाचायला कंटाळवाणं आहे.

कपडे बाजारात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या एका मावशीनं घरून एक झबलं शिवून आणलं. दोन गळे, चार बाह्या, दोन्ही बाजूंना नाड्या. जुन्या सुती साडीचं, पिवळ्या फुलांचं. ते इतकं चोख बसलं की तिनं आणखी पाच शिवली.

दूध आईचंच. बरंचसं वाटी-चमच्यानं. एक हावरट, दुसरी नखरेल. एकीला पाजताना दुसरी समोरून टक लावून बघायची आणि मधेच हात मारून चमचा उडवायची. नाकातली नळीही स्वतःची कुणी ओढली नाही, कायम दुसरीचीच. म्हणून हातांत पायमोजे घालून ठेवायचो. पण मोजे काढले की दोघींचं एक ठरलेलं होतं: हिची बोटं तिच्या तोंडात, तिची बोटं हिच्या. अंगठा चोखणारी मुलं मी हजारो पाहिलीत. स्वतःचा अंगठा कधीच न चोखणाऱ्या या दोघीच.

आणि वजन. रोज पहाटे काट्यावर घालायचं आणि एकच आकडा लिहायचा, पुढे कंसात 'दोघी मिळून'. औषधाचा डोस त्या आकड्याच्या निम्म्यावर काढायचा. वास्तविक एक दुसरीहून भरलेली होती हे उघड दिसत होतं, पण किती, हे कळायला काटा नव्हता. त्यात यकृतातून एकीचं रक्त थोडंबहुत दुसरीकडे जातं, म्हणजे एकीला दिलेलं औषध दुसरीलाही अंशानं पोचतं. भूल देणाऱ्या मॅडम आम्हाला पुन्हा पुन्हा बजावायच्या: एकीला टोचताना दुसरीच्या मॉनिटरकडे बघा.

*

चूक माझ्याकडूनच झाली. कोणत्या महिन्यात ते आठवत नाही, पण पहाटेचे तीन होते हे आठवतं. बेबी बीला तीस मिली दूध पाजलं आणि लिहिलं बेबी एच्या रकान्यात. पाचच्या दुधाला एला पाजलं, तेही एच्याच रकान्यात. सकाळी रेसिडेंट डॉक्टरनं चार्ट पाहिला. बीच्या पोटात रात्रभर काही नाही, एचं साठ. तो बीला सलाइन लिहायला लागला. आमच्या इनचार्ज सिस्टर तिथंच उभ्या होत्या. केरळच्या, मराठी फाडफाड बोलायच्या, पण चिडल्या की मल्याळममध्ये शिरायच्या. त्यांनी वाकून बीच्या ओठांचा कोपरा बोटानं पुसला, बोट मला दाखवलं. "उपाशी पोरीच्या ओठाला दूध कसं काय लागलं?"

नुकसान काही झालं नाही. पण त्यानंतर त्यांनी जी व्यवस्था लावली, ती मी पुढे तीन रुग्णालयांत शिकवली. दोन फायली, एक लाल, एक हिरवी. मनगटात लाल दोरा, हिरवा दोरा. प्रत्येक नळीवर, प्रत्येक सिरिंजवर, औषधाच्या प्रत्येक ट्रेवर त्या-त्या रंगाची पट्टी. डावी, उजवी, ए, बी हे शब्द बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एका ड्यूटीला दोन सिस्टर, एक लाल, एक हिरवी. लालनं हिरवीच्या औषधाला हात लावायचा नाही.

मी हिरवी झाले.

आता एक गोष्ट कबूल करते, जी तेव्हा कुणाजवळ बोलले नव्हते. रंग वाटून घेतल्यावर पंधरा दिवसांत आम्ही पक्ष घेतले. "माझीनं आज साठ घेतलं," "माझी आज हसली." लाल सिस्टर माझी मैत्रीण, एकाच हॉस्टेलवर राहायचो, पण कूस बदलताना तिची मुलगी जास्त वेळ वर राहिली की मला राग यायचा. पुढे सर्जन लोकांची मीटिंग झाली आणि यकृत कुठून कापायचं, कातडी कुणाला किती पुरेल याची चर्चा निघाली. मी कोपऱ्यात फाइल धरून उभी होते आणि मनात एकच चाललं होतं: माझीला कमी देऊ नका.

त्याआधी मँचेस्टरची केस आम्ही ऐकली होती. २००० साल. माल्टाच्या गोझो बेटावरचं कॅथलिक जोडपं इंग्लंडला आलं होतं, मुली जोडलेल्या. एकीचं हृदय-फुप्फुस दोघींना जगवत होतं. वेगळं केलं तर दुसरी मरणार, न केलं तर काही महिन्यांत दोघी. आईबाप म्हणाले, देवाच्या इच्छेवर सोडा. डॉक्टर न्यायालयात गेले. तिथं दोन्ही मुलींच्या बाजूनं वेगवेगळे वकील उभे राहिले. ओळख लपवायला न्यायालयानं त्यांना टोपणनावं दिली, आणि जगू शकणाऱ्या मुलीचं नाव ठेवलं जोडी. इंग्रजीतलं नाव आहे ते, त्या बिचाऱ्यांना मराठी कुठून येणार! पण मला ते वाचून अंगावर काटा आला होता. अपील न्यायालयानं परवानगी दिली, नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली, जोडी जगली, दुसरी गेली. मीटिंगमध्ये उभी असताना मला त्या दुसरीच्या वकिलाची आठवण झाली. एका शरीराला दोन वकील लागतात, हे मला तोवर कायद्याचं चोचलं वाटत होतं.

आमच्या मुलींवर तशी पाळी नव्हती. तरी संमतीच्या कागदावर सही करायला आई तीन दिवस तयार होईना. तिच्या भावानं टीव्हीवर इराणच्या त्या दोघी बहिणी पाहिल्या होत्या, लादन आणि लालेह बिजानी. डोक्यानं जोडलेल्या, एकोणतीस वर्षांच्या, कायदा शिकलेल्या. २००३च्या जुलैमध्ये सिंगापूरला स्वतःच्या इच्छेनं टेबलावर गेल्या, पन्नासहून जास्त तास शस्त्रक्रिया चालली, आणि दोघीही परत आल्या नाहीत. "त्या एवढ्या शिकलेल्या, सिंगापूरला जाऊन मेल्या," भाऊ म्हणे. डोक्याचा जोड आणि पोटाचा जोड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे सर्जननी पाटीवर चित्र काढून समजावलं. सही शेवटी झाली, पण मला वाटतं ती चित्रामुळे झाली नाही. म्हातारीनं सुनेला विचारलं, "दोघी मोठ्या झाल्या, एकीला संडासला लागली आणि दुसरीला झोप आली, तर काय करशील?" सूनबाई उठून आत आली आणि पेन मागितलं.

*

ऑपरेशनच्या महिनाभर आधी कातडीखाली रबरी पिशव्या बसवल्या. आठवड्यातून एकदा सुई टोचून त्यांत थोडं थोडं सलाइन भरायचं, म्हणजे कातडी हळूहळू ताणून वाढते आणि नंतर उघडी पोटं झाकायला पुरते. मुलींच्या कुशी त्या पिशव्यांनी फुगल्या, आणि आमचं कूस बदलण्याचं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागलं.

ओ.टी.च्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, सिस्टरनी दादरच्या बाजारातून दोन रबरी बाहुल्या आणल्या, पोटाला पोट लावून चिकटपट्टीनं जोडल्या आणि रविवारी रिकाम्या ओ.टी.त तालीम केली. टेबलं कुठं, भुलीची यंत्रं कुठं, कुणी कुठल्या बाजूनं आत यायचं. कापल्यावर एक बाहुली उचलून दुसऱ्या टेबलावर न्यायची, तर तिच्या नळ्या, वायरी कुणी धरायच्या, कुणी मागे सरायचं. पहिल्या तालमीत हिरव्या बाहुलीची नळी लाल टेबलाच्या पायात अडकली. १९८७ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये बेन कार्सन यांच्या पथकानं डोक्यानं जोडलेल्या दोन जर्मन बाळांना वेगळं केलं, सत्तर माणसं, बावीस तास. त्यांनीही आधी वेल्क्रोनं जोडलेल्या बाहुल्यांवर तालमी केल्या होत्या. ते ऑपरेशन जगभर गाजलं. ती मुलं पुढे कशी राहिली, किती अपंगत्व घेऊन राहिली, ते फारसं गाजलं नाही.

त्या दिवशी मी ओ.टी.त नव्हते. आमचं काम खाली. सकाळी सातला मुली वर गेल्या आणि मी आणि लाल सिस्टर दोन खाटा मांडायला लागलो. आठ महिने जिथं एक खाट होती, तिथं दोन. दोन व्हेंटिलेटर, त्यातला एक दुसऱ्या विभागातून उसना आणलेला. दोन वॉर्मर, कारण पोटाला पोट लागून जी ऊब होती ती आज जाणार. औषधांच्या पंपांच्या दोन रांगा. सगळं दहापर्यंत लावून झालं. मग नुसतं बसायचं. नर्सच्या नोकरीत बसणं हे सगळ्यात अवघड काम, सवयच नसते. लाल सिस्टरनं कापसाचे बोळे वळायला घेतले. लागणार नव्हते तरी वळत राहिली.

दुपारी फोन वाजला. वरून ओ.टी.ची सिस्टर एवढंच म्हणाली, "दुसरं टेबल. दोन चाळीस." मी ते हिरव्या फाइलच्या कव्हरवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं. का लिहिलं, माहीत नाही. आकडा ऐकला की हात लिहितो.

हिरवी आधी आली नाही. लाल साडेपाचला आली, हिरवी साडेसहाला. पोटावर मोठी पट्टी, अंग थंडगार, तोंड सुजलेलं. मी तिला ओळखलं नाही. खरंच सांगते, मनगटातला दोरा पाहिल्याशिवाय ओळखलं नाही. आठ महिने मी तिचा चेहरा कायम एका बाजूनं पाहिला होता. समोरून, उताणी पडलेली, अशी ती मला ठाऊकच नव्हती.

पहिले दोन दिवस मिनिटामिनिटाचा हिशोब. लघवी किती, रक्तदाब किती, पोट किती ताठ. कातडी ताणून बंद केलेली, म्हणजे आतून दाब, म्हणजे फुप्फुसाला जागा कमी. माझीला लघवी कमी होत होती, लालला जास्त. पूर्वी दोघींत मिळून भागायचं, आता ज्याचं त्याला. तिसऱ्या रात्री झोपेचं औषध कमी केलं आणि हिरवी थोडी जागी झाली. तिनं हात पुढे केला, समोर, हवेत. मग तोंड उघडलं. रडायला नव्हे, बोटं येण्याची वाट बघत उघडं ठेवलं. मी तिचाच हात उचलून तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड फिरवलं. मग मी माझं हातमोजा घातलेलं बोट दिलं. तेही नको. असं तिनं अर्धा तास केलं, आणि पलीकडच्या खाटेवर लालचं तेच चाललं होतं.

मैत्रीण माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना.

सहाव्या दिवशी दोघींना काट्यावर घातलं. एकीचं सहा किलो शंभर, दुसरीचं पाच किलो तीनशे. माझीच बारकी निघाली. दोन रकाने, दोन आकडे, आणि कंस नाही. निम्म्यावर काढलेले आमचे डोस लालला थोडे कमी आणि हिरवीला थोडे जास्त पडत होते, हे त्या दिवशी कळलं.

पुढे लालची जखम एका कोपऱ्यात उसवली, पू झाला, मांडीची कातडी काढून लावावी लागली. महिना त्यात गेला. त्या महिन्यात जंतुसंसर्ग नको म्हणून दोघींना एकमेकींजवळ नेता येत नव्हतं. जखम सुकली तशी इनचार्ज सिस्टरनी एका खाटेवर दोघींना शेजारी निजवलं, समोरासमोर, पूर्वीसारखं. आम्हाला वाटलं आता काही तरी बघायला मिळणार. दोन्ही मुली झोपून गेल्या. तासाभरानं बघितलं तर एकमेकींकडे पाठ.

*

नंतरच्या वर्षांत अशी बातमी दिसली की मी आधी नर्सेस कुठं आहेत ते शोधते. २०१२च्या जूनमध्ये बैतूल जिल्ह्यातल्या पाढरच्या मिशन रुग्णालयात जवळजवळ वर्षाच्या दोन मुलींना वेगळं केलं. बैतूल म्हणजे आमच्या वरूडच्या वरचा मुलूख, तिकडून संत्री आणि पाहुणे दोन्ही येतात, म्हणून मी ती बातमी रोज वाचायची. गरीब आईबापांनी मुली रुग्णालयाच्याच हवाली केल्या होत्या, तिथल्या नर्सेसनी त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. काही आठवड्यांत त्यातली एक गेली. पेपरात डॉक्टरांचे फोटो होते. मला दिसत होती ती न छापलेली सिस्टर, जिच्या रंगाची फाइल त्या दिवशी बंद झाली. दोन वर्षांनी परळच्या वाडिया रुग्णालयात अशाच दोन मुली वेगळ्या केल्या, त्याही पुढे बराच काळ रुग्णालयातच वाढल्या. दिल्लीच्या एम्समध्ये २०१७ साली ओडिशातल्या कंधमालच्या दोन भावांची डोकी दोन टप्प्यांत वेगळी केली, आणि त्यांना दिल्ली सोडून ओडिशाला परतायला २०१९ उजाडलं. ऑपरेशन तासांत मोजतात. बाकीचं सगळं आमच्या ड्यूट्यांत मोजलं जातं.

आणि वेगळं न केलेल्याही आहेत. २००३ साली जन्मलेल्या, डोक्यानं जोडलेल्या दोन बहिणी हैदराबादच्या निलोफर रुग्णालयात वाढल्या. ऑपरेशनची चर्चा कितीदा झाली, धोका कुणी घेतला नाही. २०२० साली दोघी दहावी पास झाल्या. दोघींनी आपापले पेपर लिहिले.

*

आमच्या मुली साडेदहा महिन्यांच्या असताना घरी गेल्या. म्हणजे जायच्या होत्या. सकाळी अकराला सामान बांधून झालं आणि दुपारी तीनपर्यंत निघता येईना. मावशीनं शिवलेलं पिवळ्या फुलांचं झबलं आईनं मागून घेतलं होतं, ते पिशवीत सगळ्यात वर होतं.

अडलं होतं खिडकीवर. लालच्या कागदावर दाखल नंबर होता, तिचं डिस्चार्ज कार्ड झालं. हिरवीचं होईना. त्या नंबरावर एक पेशंट सोडला की नंबर बंद होतो. आणि दुसरी मुलगी तर रुग्णालयात कधी दाखलच झाली नव्हती. "जी आत आली नाही, तिला मी बाहेर कशी सोडू?" कारकून वाईट माणूस नव्हता, त्याचंही बरोबर होतं. वरिष्ठांना फोन झाले. शेवटी तोडगा निघाला: हिरवीला आज नवीन केसपेपर काढून दाखल करायचं, आणि दाखल केल्यावर सोडायचं.

तो फॉर्म मी भरला. आईचं नाव, बापाचं नाव, वय, लिंग. मग रकाना आला: दाखल झाल्याची तारीख व वेळ. जन्मानंतर तिसऱ्या दिवसाची तारीख लिहिता येईना, ती त्या दुसऱ्या नंबराची होती. आजची लिहिली तर साडेदहा महिने पोरगी कुठं होती? कारकून म्हणाला, "सिस्टर, काहीतरी लिहा, पण रेकॉर्डला पुरावा पाहिजे."

मी हिरवी फाइल उलटी केली. कव्हरवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. ऑपरेशनची तारीख घातली आणि वेळ लिहिली: दुपारी २ वाजून ४० मिनिटे. ओ.टी.च्या नोंदीतही तेच होतं, त्यानं पडताळून शिक्का मारला.

म्हातारी माझ्या कोपराशी उभी राहून सगळं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिहिलं?" तिनं विचारलं. मी सांगितलं, हिची वेळ लिहिली, दोन चाळीस. लालची आधीची आहे.

"मग हीच धाकटी," म्हातारी म्हणाली, आणि हिरवीला माझ्या हातातून घेऊन चालू लागली.